आतलं फंक्शन बाहेर काढताना: कंटेनर नंबरच्या लायब्ररीची केस

ही केस नवी मुंबईतली, महापे एमआयडीसीत बसणाऱ्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीतली. नाव देत नाही, क्लायंटचंही देत नाही, मुद्द्याला त्याने फरक पडत नाही. काम कसलं तर उरण, द्रोणागिरी, पनवेल पट्ट्यात जे सीएफएस आहेत, म्हणजे कंटेनर फ्रेट स्टेशन, न्हावा शेवा बंदरात उतरलेले कंटेनर कस्टम्सचं काम होईपर्यंत जिथे ठेवतात ती मोठी आवारं, त्यांचं गेट, यार्ड, बिलिंग आणि कस्टमर पोर्टल चालवणारं सॉफ्टवेअर. चार टीम, चार रेपो, म्हणजे प्रत्येकीच्या कोडचा वेगळा साठा, आणि सगळ्यांच्या खाली पायथन भाषेतली एक छोटीशी लायब्ररी, म्हणजे सगळ्यांनी वापरायचा तयार कोड, जिचं काम एकच, कंटेनर नंबर बरोबर आहे का चूक ते सांगणं. ही लायब्ररी मी सांभाळतो. सांभाळतो म्हणजे काय तर वर्षभर तिच्याकडे कोणी बघत नाही, आणि बघतात तेव्हा भांडायलाच येतात.

पुढचं सगळं त्या नंबरवर अवलंबून आहे म्हणून तो कसा बनतो ते आधी सांगतो. आयएसओ ६३४६ नावाचं स्टँडर्ड आहे. पहिली तीन अक्षरं मालकाची, ती पॅरिसच्या बीआयसी या संस्थेकडे रजिस्टर होतात, ही संस्था १९३३ पासून आहे. चौथं अक्षर प्रकाराचं, साध्या कंटेनरला यू. मग सहा आकडे सीरियलचे आणि शेवटी एक चेक डिजिट, जो कंटेनरवर चौकटीत रंगवलेला दिसतो. हिशोब असा की प्रत्येक अक्षराला एक किंमत, ए म्हणजे १०, बी म्हणजे १२, असं झेड म्हणजे ३८ पर्यंत, आणि मधले ११, २२, ३३ गाळलेले कारण पुढे ११ ने भागायचंय. मग पहिल्या जागेला १ ने गुणायचं, दुसऱ्या जागेला २ ने, तिसऱ्या जागेला ४ ने, असं दुप्पट करत दहाव्या जागेला ५१२ ने, सगळी बेरीज करायची, ११ ने भागायचं, बाकी उरते तो चेक डिजिट. सीएसक्यूयू ३०५४३८ घ्या, बेरीज येते ६१८५, बाकी ३, म्हणून पूर्ण नंबर सीएसक्यूयू ३०५४३८ ३. आता ११ ने भागल्यावर बाकी १० पण येऊ शकते आणि चौकटीत तर एकच आकडा मावतो, तर स्टँडर्ड म्हणतं १० आली की ० लिहा. शक्यतो असे सीरियल वापरूच नका असंही म्हणतं, पण असे कंटेनर रस्त्यावर फिरतात.

लायब्ररीत बाहेरून वापरायचं, म्हणजे पब्लिक फंक्शन (नावाने हाक मारायचा कोडचा तुकडा) एकच होतं. नंबर द्या, ट्रू किंवा फॉल्स घ्या. त्याच्या आत नावाच्या सुरुवातीला अंडरस्कोर (_) लावलेली दोन फंक्शन. एक क्लीन करणारं, जे स्पेस आणि डॅश काढायचं आणि गेटवर नंबर वाचणाऱ्या कॅमेऱ्याने ओ चा शून्य किंवा शून्याचा ओ केला असेल तर जागा बघून दुरुस्त करायचं, म्हणजे पहिल्या चार जागांवर अक्षरच असणार आणि शेवटच्या सातवर आकडाच असणार हे धरून. दुसरं चेक डिजिट काढणारं. पायथनमध्ये अंडरस्कोर म्हणजे कुलूप नाही, नुसती पाटी आहे, 'हे आतलं आहे' एवढीच, आणि इम्पोर्ट करायला, म्हणजे आपल्या कोडमध्ये ओढून घ्यायला, कोणी अडवत नाही. पायथनच्या लिहिण्याच्या नियमांत, पेप ८ मध्ये, तसा संकेत लिहिलाय तेवढाच.

झालं काय की गेट टीमला ट्रू-फॉल्सने भागत नव्हतं, आणि त्यांचं बरोबरच होतं. गेटवर ट्रेलर उभा असतो, ड्रायव्हर हॉर्न मारत असतो, मागे लाईन लागलेली, आणि स्क्रीनवर नुसतं 'इनव्हॅलिड' आलं तर सर्व्हेअरने करायचं काय? त्याला कळायला पाहिजे की हिशोबाने शेवटचा आकडा ७ यायला हवा होता आणि कॅमेऱ्याने १ वाचला, म्हणजे तो दोन पावलं पुढे जाऊन चौकट बघेल आणि मोकळा होईल. मग त्यांनी सरळ अंडरस्कोर चेक डिजिट इम्पोर्ट केलं. मला विचारलं नाही, पण विचारायला हवं होतं असंही मी म्हणत नाही, तिकीट टाकून वाट बघण्यापेक्षा कोणीही हेच करेल.

पावसाळ्यात त्यांच्याकडे तक्रारी वाढल्या. आधी सगळ्यांनी पावसालाच दोष दिला, लेन्सवर पाणी, कंटेनरवर चिखल, हे दरवर्षीचंच. पण काही नंबर असे होते की फोटो स्वच्छ, आकडे स्पष्ट, आणि तरी स्क्रीनवर लाल. सगळ्यांत एक गोष्ट सारखी, शेवटचा आकडा शून्य. आतल्या फंक्शनमध्ये बघितलं तर ते ११ ने भागून जी बाकी येईल ती तशीच परत द्यायचं, १० आली तर १०. त्या १० चं ० करायचं काम बाहेरचं फंक्शन करत होतं, तुलना करण्याआधी एक मॉड्युलो १० लावून, म्हणजे १० ने भागून बाकी घेऊन. गेट टीमने आतलं थेट घेतलं, तो मॉड्युलो राहिला बाहेर, आणि १० बरोबर ० ची तुलना होऊन चांगला कंटेनर चुकीचा ठरला. ताळा करून बघायचा असेल तर सीएसक्यूयू ००१००० घ्या, बेरीज ५०५, बाकी १०.

यात कोणाचाच कोड चूक नव्हता. आतल्या फंक्शनला हाक मारणारं एकच होतं, त्यालाच उरलेलं काम माहीत होतं, दोघं मिळून उत्तर बरोबर येत होतं. टेस्ट पण सगळ्या बाहेरच्या फंक्शनवर, त्या हिरव्याच, म्हणजे पास.

मग मागणी आली. गेट टीमचा लीड आला आणि म्हणाला, "अरे ते पब्लिक करून टाक ना, आम्ही वापरतोयच, आणि तो १० चा प्रकार तेवढा नीट कर." मी म्हटलं बसून बोलू, कोणकोण वापरतंय ते आधी बघतो. तर म्हणे, "एक अंडरस्कोर काढायचाय, त्याला मीटिंग काय लावतोस?" आमची सीनियर आर्किटेक्ट मागे बसली होती, ती हसली फक्त. तिने आधीच्या नोकरीत जावाच्या एका मोठ्या प्रोजेक्टवर हाच प्रकार भोगलेला. तो किस्सा पुढे येतो.

पहिलं काम, चारही रेपोंमध्ये शोध. इथे आमचं नशीब चांगलं, सगळा कोड एकाच गिट सर्व्हरवर, म्हणजे वापरणारा कोण हे अंदाजाने ठरवायचं नव्हतं. ओपन सोर्सवाल्यांना ही चैन नाही. पायथनची पॅकेजं इन्स्टॉल करणाऱ्या पिपचं उदाहरण डोळ्यासमोर होतंच, पिप हे कमांड म्हणून वापरायचं, त्याचं पायथनमधून वापरायचं पब्लिक एपीआय, म्हणजे बाहेरच्यांसाठी कबूल केलेली फंक्शन, नाही असं ते सांगत आले, तरी लोकांनी सेटअप फाइलीत पिपच्या आतलं रिक्वायरमेंट्स वाचणारं फंक्शन इम्पोर्ट केलंच, आणि २०१८ च्या एप्रिलमध्ये पिप १० आलं तेव्हा सगळं आतलं सामान इंटर्नल नावाच्या अंडरस्कोरवाल्या पॅकेजात हलवलं गेलं आणि कितीतरी लोकांचे बिल्ड पडले. पिपवाले नियमाने बरोबर होते. बिल्ड पडायचे ते पडलेच.

शोधात जे निघालं ते मला अपेक्षित नव्हतं. गेट टीम तर होतीच. पोर्टल टीमनेही तेच फंक्शन घेतलं होतं, पण त्यांना १० चा घोळ आधीच सापडलेला आणि त्यांनी आपल्याकडे मॉड्युलो १० लावून तो गुपचूप मिटवलेला, आम्हाला न सांगता. यार्ड रिपोर्टवाल्यांकडे तर अजून मजा, त्यांना १० हवीच होती! त्यांच्या कोडमध्ये चक्क लिहिलेलं की उत्तर १० आलं तर रिपोर्टमध्ये त्या ओळीवर संशयाची खूण करा. आणि त्यांनी कीएररही पकडलेला, कारण आतल्या फंक्शनला लहान लिपीतलं अक्षर (a, b असं) मिळालं की अक्षरांच्या डिक्शनरीत, म्हणजे किंमतींच्या तक्त्यात, ते सापडायचं नाही आणि कीएरर उडायचा, तर यांनी 'कीएरर आला म्हणजे नंबर फालतू' असं धरून चाललेलं. बिलिंगने चेक डिजिटला हात लावला नव्हता, त्यांनी क्लीन करणारं घेतलेलं, आणि ते सगळ्यात धोक्याचं निघालं.

गूगलमध्ये काम केलेल्या हायरम राइटच्या नावाने एक नियम ओळखला जातो, वापरणारे पुरेसे झाले की तुमच्या कोडच्या दिसणाऱ्या प्रत्येक वागणुकीवर कोणी ना कोणी विसंबलेलं असतं, तुम्ही कबूल काय केलंत ते कोणी बघत नाही. मला वाटायचं हे गूगलच्या आकाराच्या कंपन्यांचं दुखणं. इथे चार टीम होत्या आणि एकाच फंक्शनच्या १० या एका उत्तराचे तीन अर्थ झालेले, एकाला बग, एकाला आधीच मिटवलेला बग, एकाला फीचर.

आता मुख्य प्रश्न. यातलं बाहेर काय द्यायचं? मीटिंग झाली, दोन तास चालली, त्यातला पहिला अर्धा तास एसीच्या तापमानावर गेला. माझं म्हणणं तिथे एकच होतं आणि आजही तेच आहे, की एखादा आतला कोड पब्लिक करायचा का हे ठरवताना 'किती जणांना हवाय' हे नंतर विचारावं, आधी विचारावं की हा कोड उद्या बदलायची वेळ आली तर ती कोणामुळे येईल. चेक डिजिटचा हिशोब बदलायचा तर आयएसओने बदलला पाहिजे, आमच्या हातात नाही, कॅमेऱ्याच्या हातात नाही, कुठल्या क्लायंटच्या हातात नाही. असा कोड बिनधास्त बाहेर द्यावा. पण क्लीन करणारं? त्यातला दुरुस्तीचा तक्ता, ओ-शून्य, आय-एक, एस-पाच, बी-आठ, हा कॅमेऱ्याच्या सवयींवरून बनलेला. कॅमेऱ्याचं सॉफ्टवेअर अपडेट झालं की तक्ता बदलतो, पावसाळ्यात वेगळा लागतो, एखाद्या क्लायंटने दुसऱ्या कंपनीचा कॅमेरा घेतला की अजून वेगळा. तो पब्लिक केला म्हणजे दर अपडेटला चारही टीमचं वागणं बदलणार, किंवा मग आम्ही तो गोठवणार आणि गेटवाले रडणार.

बिलिंगचं धोक्याचं म्हटलं ते असं. ते दुरुस्त झालेला नंबर सरळ इन्व्हॉइसवर छापत होते. दुरुस्ती झाली होती हे कुठेच नोंदलेलं नव्हतं कारण फंक्शन नुसती स्ट्रिंग परत द्यायचं. बिलिंगच्या मॅडम म्हणाल्या, "पण चेक डिजिट जुळतोय ना, मग नंबर बरोबरच असणार." हा समज इतका पसरलेला आहे की त्यावर जरा थांबतो. चेक डिजिट चुका पकडतो, सगळ्या पकडत नाही. अक्षरांच्या किंमती बघा, एफ १६ आणि पी २७, फरक बरोबर ११, म्हणजे ११ ने भागल्यावर दोन्हीची बाकी एकच, म्हणजे कुठल्याही जागेवर एफ चा पी झाला तर चेक डिजिटला पत्ताच लागत नाही. आणि मळलेल्या पत्र्यावर कॅमेरा एफ-पी मध्ये गोंधळूच शकतो. ए, के, यू यांच्या किंमतींतही ११ चाच फरक, बी, एल, व्ही यांचंही तेच. आणि ती १० ची भानगड, सीएसक्यूयू ००१००० ची बाकी १०, म्हणून चेक डिजिट ०. सीएसक्यूयू ०१०००० ची बेरीज ४७३, बाकी ०, चेक डिजिट परत ०. शेजारचे दोन आकडे उलटे टाइप झाले आणि दोन्ही नंबर व्हॅलिड. म्हणूनच स्टँडर्ड सांगतं असे सीरियल टाळा. हे फळ्यावर मांडून दाखवल्यावर मॅडमनी स्वतःच सांगितलं की दुरुस्ती आम्हाला नकोच, आम्हाला मूळ काय वाचलं ते द्या.

तर ठरलं असं की चेक डिजिट बाहेर द्यायचा, आणि दुरुस्तीचा तक्ता लायब्ररीतूनच काढून गेट टीमच्या रेपोत टाकायचा, जिथे कॅमेरा आहे तिथे. मागणी होती एक आतली गोष्ट पब्लिक करायची, आणि निकाल निघाला की एक गोष्ट पब्लिक झाली आणि एक लायब्ररीतूनच गेली. गेट टीमचा लीड नाराज झाला, म्हणजे आम्ही मागायला आलो आणि काम घेऊन चाललो असं म्हणाला, आणि खरं सांगायचं तर त्याच्या जागी मी असतो तर मीही हेच म्हटलं असतं.

बाहेर काय द्यायचं ठरलं तरी कसं द्यायचं हे उरतंच, आणि वेळ खाल्ला तो यानेच. आतल्या फंक्शनला जे जे फुकट मिळत होतं ते एकेक काढून बघावं लागलं. लांबी दहाच आहे हे हाक मारणाऱ्याने तपासलेलं असायचं. अक्षरं मोठ्या लिपीत करून मिळायची. आकडे आकडेच आहेत हे पायथनच्या इझडिजिट या तपासणीने बघितलेलं असायचं, आणि इथे एक गंमत. मी हे लिहितोय तसे देवनागरी आकडे, ३ किंवा ७, पायथनच्या इझडिजिटला आकडेच वाटतात आणि मजकुराची संख्या करणारं इंट त्यांचा सरळ ३ आणि ७ करतं. मजकुरात नमुना शोधणाऱ्या रेगेक्समधला बॅकस्लॅश डी (कुठलाही आकडा) पण डीफॉल्टने देवनागरी आकडे पकडतो. म्हणजे पोर्टलवर कोणी मोबाईलच्या मराठी कीबोर्डवरून नंबर टाकला तर चेक डिजिट जुळणार, आमची लायब्ररी खूश, आणि तो नंबर डेटाबेसमध्ये देवनागरीत जाऊन बसणार आणि गेटवरच्या नंबरशी कधीच मॅच होणार नाही. असे नंबर शोधले तर सापडले सुद्धा, थोडेच, पण सापडले. वर छोटा लिहितात तो दोनचा घात (²) मात्र इझडिजिटला आकडा वाटतो आणि इंटला वाटत नाही, तिथे व्हॅल्यूएरर. नवीन फंक्शनमध्ये आधी इझआस्की, म्हणजे नुसती साधी इंग्रजी अक्षरं-आकडे-चिन्हं आहेत का ते, मग बाकीचं. मराठी आकडे आपोआप बदलून घ्यावेत का यावर थोडी चर्चा झाली, मी नको म्हटलं, ते काम फॉर्मचं, हिशोबाचं नाही.

नवीन फंक्शन दहा कॅरेक्टर घेतं, कडक तपासतं, ० ते ९ मधलाच आकडा देतं, आणि नाही जमलं तर आमचा स्वतःचा एरर देतं जो व्हॅल्यूएररचा वारस आहे. आतला कीएरर बाहेर गळू द्यायचा नाही, कारण उद्या डिक्शनरीच्या जागी दुसरं काही वापरलं तर एररचा प्रकार बदलेल आणि कोणाचा तरी एक्सेप्ट, म्हणजे एरर पकडणारी ओळ, फुकट जाईल. गेटवाल्यांच्या स्क्रीनसाठी दुसरं एक फंक्शन, जे पूर्ण नंबर घेऊन सगळे तुकडे सुटे करून देतं, मालकाचा कोड, प्रकार, सीरियल, वाचलेला चेक डिजिट, यायला हवा होता तो चेक डिजिट. हे पहिल्या ड्राफ्टमध्ये टपल होतं, म्हणजे नावं नसलेल्या किंमतींची नुसती क्रमवार यादी. आमच्या सीनियरने रिव्ह्यूत तिथेच बोट ठेवलं. टपल दिलं की लोक पाच व्हेरिएबलमध्ये सोडवून घेतात, आणि मग सहावी गोष्ट वाढवायची झाली की सगळ्यांचा कोड मोडतो, आत वापरताना चालून जातं, बाहेर नाही. म्हणून फ्रोझन डेटाक्लास, ज्यात प्रत्येक गोष्टीला नाव असतं आणि बनवल्यावर ती बदलता येत नाही. तेव्हा मला हे जरा जास्तीचं वाटलेलं, पण पुढे कामाला आलंच.

त्या क्लासची जागा कोणती हाही प्रश्न होता आणि तो कोणाच्या डोक्यातही नव्हता, बिलिंगवाले रेडिस या डेटा साठवणाऱ्या सर्व्हरमध्ये ऑब्जेक्ट पिकल करून, म्हणजे पायथनच्या साठवायच्या रूपात बदलून, ठेवतात हे कळेपर्यंत. पिकल क्लासचं नाव मॉड्युलच्या पत्त्यासकट लिहून ठेवतं. क्लास आतल्या अंडरस्कोरवाल्या फाइलीत लिहिला आणि बाहेरून फक्त री-एक्सपोर्ट केला, म्हणजे तोच बाहेरच्या नावाने पुढे दिला, तर पिकलमध्ये आतला पत्ता जातो, आणि पुढे ती फाइल हलवली की जुना डेटा उघडत नाही. म्हणजे पब्लिक नाव देऊनही आतला पत्ता तुमच्या गळ्यात. आकडेमोडीच्या नमपाय या लायब्ररीच्या लोकांनी हे बघितलंय, २०२४ मध्ये नमपाय २.० आलं तेव्हा कोअर या पॅकेजाला अंडरस्कोर लागला, आणि नव्यावर बनवलेलं पिकल जुन्या व्हर्जनवर उघडायला गेलं की 'अंडरस्कोर कोअर नावाचं मॉड्युल नाही' हा एरर किती जणांनी शोधला असेल. आम्ही क्लास पब्लिक फाइलीतच लिहिला.

आता नाव. गेट लीडचं म्हणणं साधं, अंडरस्कोर काढा, तेच नाव ठेवा, जुन्याला नव्याकडे वळवा. सीनियरचा जावाचा किस्सा इथे आला. जावात बेस सिक्स्टीफोर, म्हणजे कुठलाही डेटा साध्या अक्षरांत मांडणं, करायला कित्येक वर्षं लोक सन डॉट मिस्कमधला आतला एन्कोडर वापरायचे, कारण त्यासाठीच बनवलेला सरळ पब्लिक क्लास जेडीकेत, म्हणजे जावाच्या मूळ किटमध्ये, नव्हता. २०१४ ला जावा ८ मध्ये जावा डॉट युटिलमध्ये अधिकृत बेस सिक्स्टीफोर आलं, आणि २०१७ च्या जावा ९ मध्ये जुनं गेलं. पण दोन्ही सारखे नाहीत. जुना एन्कोडर दर ७६ कॅरेक्टरनंतर ओळ तोडायचा, नवीन बेसिकवाला तोडत नाही, तसं हवं असेल तर माइमवाला वेगळा घ्यायचा. तिच्या टीमने शोधा आणि बदला केलं, टेस्ट छोट्या स्ट्रिंगवर होत्या त्या पास, आणि समोरच्या एका जुन्या सिस्टिमला तोडलेल्या ओळीच हव्या होत्या. तिथे निदान नाव वेगळं होतं, म्हणून शोधून काढता आलं. नाव तेच आणि वागणं वेगळं असतं तर गिटच्या इतिहासात खणत बसायला लागलं असतं.

म्हणून नव्याला पूर्ण वेगळं नाव, आणि जुनं अंडरस्कोरवालं जसंच्या तसं, १० देणारं, कीएरर उडवणारं. हे ऐकून दोघं-तिघं म्हणाले की माहीत असलेला बग मुद्दाम ठेवताय? हो, मुद्दाम. पोर्टलचा मॉड्युलो १० नव्या उत्तरावर बसला तरी काही बिघडत नाही, पण यार्डवाल्यांची '१० आलं तर खूण करा' ही ओळ नव्या फंक्शनवर गपचूप मेली असती, ना एरर, ना टेस्ट फेल, नुसत्या रिपोर्टमधल्या खुणा बंद, आणि ते कोणाच्या लक्षात यायला कितीही महिने गेले असते. नियमाने बघितलं तर अंडरस्कोरवाल्या नावाला आम्ही काहीच देणं लागत नव्हतो. पण ज्याचे वापरणारे नावानिशी माहीत आहेत त्याला 'आतलं आहे, आम्ही काहीही करू' म्हणणं मला पटत नाही.

जुन्यावर डेप्रिकेशनची, म्हणजे 'हे पुढे काढणार आहोत' अशी वॉर्निंग लावली, आणि ती कोणालाच दिसली नाही. पायथनमध्ये डेप्रिकेशन वॉर्निंग डीफॉल्टने दिसते ती फक्त मेन स्क्रिप्टमधून थेट आली तर, बाकी इम्पोर्ट केलेल्या मॉड्युलमधून आलेली गिळली जाते, आणि गेटचं अ‍ॅप तर सर्व्हिस म्हणून चालतं. टेस्ट चालवणारं पायटेस्ट मात्र दाखवतं, शेवटी पिवळ्या रंगात, जे कोणी वाचत नाही. आणि स्टॅकलेव्हल दोन द्यायला पाहिजे, नाहीतर वॉर्निंग आमच्याच फाइलीचा लाईन नंबर दाखवते आणि वाचणाऱ्याला वाटतं हे लायब्ररीवाल्यांचं दुखणं, आपलं नाही. फ्यूचर वॉर्निंग लावता आली असती, ती दिसते, पण गेटची सर्व्हिस परत सुरू झाली की दर वेळी लॉगमध्ये एक ओळ पडत राहिली असती आणि रात्रपाळीच्या सपोर्टवाल्याने मला फोन केला असता. शेवटी वॉर्निंगवर विसंबलोच नाही. चारही रेपोंत मर्ज रिक्वेस्ट, म्हणजे तयार बदल घ्या अशा विनंत्या, आम्हीच टाकल्या, प्रत्येकात त्या टीमला काय बदलणार आणि काय नाही ते दोन ओळींत लिहिलं. हे ओपन सोर्समध्ये जमणार नाही, आतल्या लायब्ररीत जमतं, मग का नाही करायचं.

डॉक्युमेंटेशनमध्ये एक भाग मी हट्टाने घातला, हे फंक्शन काय पकडत नाही. एफ-पी लिहिलं, ए-के-यू लिहिलं, ००१००० आणि ०१०००० चं उदाहरण हिशोबासकट लिहिलं, आणि त्या उदाहरणाची टेस्टही ठेवली, दोन्ही नंबर व्हॅलिड आलेच पाहिजेत अशी. नवीन आलेल्या एका मुलाने ती टेस्ट बघून विचारलं, सर ही चूक आहे ना, दुरुस्त करू? त्याला स्टँडर्डचं पान दाखवलं. व्हर्जनचा मायनर आकडा वाढवला, म्हणजे मोडतोड न करणाऱ्या बदलांचा, कारण पब्लिक नावांत नुसती भर पडली होती, त्यातलं जुनं काही काढलं नव्हतं.

गेटवरच्या शून्याच्या तक्रारी बदल गेला त्या दिवसापासून बंद. गेट टीमने दुरुस्तीचा तक्ता आपल्या रेपोत नेल्यावर दोनच आठवड्यांत त्यात स्वतःच्या अजून जोड्या टाकल्या, मला न विचारता, आणि मला ते कळलं सुद्धा नाही, जे बरोबरच झालं. लीड अजून टोमणे मारतो, एक अंडरस्कोर काढायला तू पावसाळा घालवलास म्हणून. पोर्टलवाल्यांनी मर्ज रिक्वेस्ट त्याच दिवशी घेतली. बिलिंगने थोडी लावून धरली कारण त्यांचं महिनाअखेर चालू होतं.

अडकलं ते यार्डवाल्यांकडे. त्यांना १० हवी होती आणि नव्यात ती मिळत नव्हती, म्हणून ते जुन्यावरच बसून राहिले. मी सुरुवातीला त्यांच्या त्या खुणेला जुगाड समजत होतो. पण विचार केला तर चारही टीममध्ये स्टँडर्ड नीट वाचलेले तेच निघाले, बाकी १० येणारा नंबर टाळावा असं स्टँडर्डच म्हणतं आणि अशा नंबरात शेजारचे आकडे उलटे झालेले पकडले जाण्याची खात्री नाही, मग तो माणसाने एकदा डोळ्याने बघावा ही मागणी रास्त आहे. आणि वरची कसोटी लावली तरी ते बसतं, ही बाकी बदलायची तर आयएसओनेच बदलावी लागेल. म्हणून डेटाक्लासमध्ये एक फील्ड वाढवलं, मूळ बाकी, ० ते १०. टपल असतं तर बाकीच्या तिघांचा कोड मोडला असता, इथे कोणाला कळलंही नाही. यार्ड रिपोर्ट त्यावर गेल्यावर जुन्या नावाला हाक मारणारं कोणी उरलं नाही, परत एकदा शोधून खात्री केली, आणि पुढच्या मेजर व्हर्जनमध्ये ते काढून टाकलं. बिलिंगकडून आता नवीन मागणी आलीय, मालकाचा कोड बीआयसीकडे रजिस्टर आहे का तेही लायब्ररीनेच सांगावं म्हणून. ती यादी बदलत असते, म्हणून सध्या नाही म्हटलंय.